उभे राहण्याची जागा आणि चित्राची चौकट

दूरच्या वस्तू जवळ आणून दाखवणारे भिंग, ही टेलिफोटो भिंगाची लौकिक व्याख्या खोटी नाही, पण ती फार अपुरी आहे. कारण दूरचे जवळ दिसावे एवढाच हेतू असता, तर तो दुर्बिणीने केव्हाच साधला होता, आणि छायाचित्रकाराने दीड किलो वजनाचे व पुष्कळदा कॅमेऱ्याहूनही महाग पडणारे नळकांडे खांद्यावरून वागवीत हिंडण्याचे काही प्रयोजन उरले नसते. वस्तुतः छायाचित्र घेऊ पाहणाऱ्या माणसापुढे दर वेळी दोन स्वतंत्र प्रश्न उभे असतात: आपण कोठे उभे राहायचे हा एक, आणि तेथून दिसणाऱ्या दृश्याचा केवढा भाग चौकटीत घ्यायचा हा दुसरा. पहिल्याच्या उत्तरावर दृश्यातील वस्तूंचे परस्परांशी प्रमाण अवलंबून असते. दुसऱ्याच्या उत्तरावर त्या दृश्याची सीमा ठरते. एकाच नाभीय अंतराचे भिंग जवळ असले म्हणजे हे दोन प्रश्न एकमेकांत गुंततात, कारण चौकट लहानमोठी करायची तर जागा बदलावी लागते, आणि जागा बदलली की प्रमाणही बदलते. ७० पासून २०० मिलिमीटरपर्यंत नाभीय अंतर बदलू शकणारे जे झूम भिंग धंद्यातील लोक ‘सेव्हंटी-टू-हंड्रेड’ या नावाने ओळखतात, त्याला त्यांच्या बॅगेत जे कायमचे स्थान मिळाले आहे, ते ही गाठ सोडवण्याच्या त्याच्या सामर्थ्यामुळे.

प्रमाणाचा हा मामला आकड्यांत मांडला म्हणजे लवकर उलगडतो. जेजुरीगडाच्या पायऱ्यांच्या वाटेवर जागोजाग दगडी दीपमाळा आहेत. समजा, अशा एका दीपमाळेच्या पुढे १४ मीटरवर एक वाघ्या उभा आहे, आणि छायाचित्रकार त्याच्यापासून ७ मीटरवर, भिंग ७० मि.मी.वर लावून उभा आहे. म्हणजे दीपमाळ कॅमेऱ्यापासून २१ मीटरवर, माणसाच्या नेमक्या तिप्पट अंतरावर आहे. आता छायाचित्रकार मागे सरत सरत २० मीटरवर गेला आणि त्याने भिंग २०० वर फिरवले, तर वाघ्या चित्रात पूर्वीएवढाच राहील. परंतु दीपमाळ आता ३४ मीटरवर, म्हणजे माणसाच्या अंतराच्या दुपटीहूनही कमी अंतरावर असल्यामुळे, तिची उंची चित्रात पूर्वीच्या पावणेदोनपट होईल आणि ती माणसाच्या पाठीशी येऊन उभी राहिल्यासारखी भासेल. यालाच ‘लांब भिंग दृश्य दाबते’ असे म्हणण्याची रीत आहे. हा आरोप भिंगावर अन्यायाचा आहे. दाबले ते मागे गेलेल्या पावलांनी. त्याच २० मीटरवरून ७० वर चित्र घेऊन त्याचा मधला तुकडा कापून मोठा केला, तरी माणूस आणि दीपमाळ यांचे प्रमाण तसेच निघेल, चित्र तेवढे भरड होईल. भिंगाने केले ते इतकेच, की दूर उभे राहण्याची जी किंमत चित्रातील तपशिलाने चुकवावी लागली असती, ती माफ केली.

चेहऱ्याच्या छायाचित्रात हेच तत्त्व निराळ्या रूपाने कामास येते. हातभर अंतरावरून घेतलेल्या चित्रात नाक पुढे येते आणि कान मागे पळतात, कारण त्या अंतराच्या मानाने नाकापासून कानापर्यंतची खोली नगण्य नसते. दोन-अडीच मीटर मागे गेले की चेहरा आपल्या ओळखीच्या प्रमाणात येतो, आणि तेथून तो चौकटीत भरण्यासाठी ८५ ते १३५ मि.मी.च्या टापूतील नाभीय अंतर सोयीचे पडते. पार्श्वभूमी धूसर करण्याचे जे कौशल्य या भिंगाच्या नावावर जमा आहे, त्याबद्दल मात्र एक खुलासा करणे अवश्य आहे. एफ/२.८ या छिद्रावर ३.५ मीटरवरील माणूस ७० मि.मी.ने घेतला काय आणि १० मीटरवरील माणूस २०० मि.मी.ने घेतला काय, दोन्ही चित्रांत तो सारख्याच आकाराचा येतो आणि त्याच्या पुढेमागे स्पष्ट राहणारा पट्टाही दोन्ही वेळा सारखाच, सुमारे ४० सेंटिमीटरचा असतो. फरक पडतो तो त्या पट्ट्याच्या पलीकडे. २०० वर पार्श्वभूमीचा अगदी लहानसा तुकडा ताणून मोठा केलेला असतो, सबब त्यातील धूसरपणाही ताणला जातो, आणि विजेच्या तारा, जाहिरातींचे फलक, मंडपाचे लोखंडी खांब अशा नको त्या गोष्टी रंगाच्या डागांत विरून जातात. आपल्याकडील कोणत्याही समारंभाची पार्श्वभूमी आठवून पाहिली, तर या एकाच गुणासाठी हे भिंग बाळगणाऱ्यास कोणी बोल लावणार नाही.

या साधनाची कुळकथा दोन निरनिराळ्या घराण्यांतून आली आहे. साध्या बहिर्वक्र भिंगाचे नाभीय अंतर २०० मि.मी. असेल, तर क्षितिजावरील वस्तूची स्पष्ट प्रतिमा भिंगापासून २०० मि.मी.वरच पडणार, आणि नाभीय अंतर वाढेल तशी कॅमेऱ्याची पेटीही लांबत जाणार. पुढे प्रकाशकिरण एकत्र आणणारा गट आणि मागे त्यांना किंचित फाकवणारा अंतर्वक्र गट अशी जोडणी केली, म्हणजे किरण अधिक दुरून आल्यासारखे वागतात आणि लांब नाभीय अंतर आखूड नळीत मावते. ही युक्ती १८९१ साली लंडनचे थॉमस डालमायर आणि जर्मनीतील अडॉल्फ मीटे व अडॉल्फ श्टाइनहाइल या तिघांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे छायाचित्रणात आणली. खरा टेलिफोटो म्हणजे ही रचना, नुसते लांब भिंग नव्हे. (गमतीची गोष्ट अशी, की एफ/२.८ची बहुतेक सेव्हंटी-टू-हंड्रेड भिंगे वीतभर लांबच असतात. टेलिफोटो रचनेने वाचवलेली जागा झूमची यंत्रणा खाऊन टाकते.)

झूमचे घराणे याहून अवघड. नाभीय अंतर बदलावे म्हणून आतील एखादा गट पुढेमागे सरकवला, की प्रतिमेचा आकार बदलतोच, पण प्रतिमा जेथे स्पष्ट पडते ते प्रतलही जागचे हलते. मग ते पूर्वस्थळी आणण्यासाठी दुसरा गट निराळ्याच गतीने सरकवावा लागतो. या दोन गटांचे मार्ग सरळ व समांतर नसल्याने, धातूच्या नळीत वक्र खाचा कोरून त्यांतून गटांच्या खुंट्या चालवण्याची तरतूद करावी लागते, आणि त्या खाचेत केसाएवढी चूक झाली तरी चित्र बिघडते. अमेरिकेत क्लाइल ॲलन यांनी बदलत्या नाभीय अंतराच्या भिंगाचे पेटंट १९०२ साली घेतले खरे, तथापि कल्पना आणि कारखाना यांच्यामध्ये बरीच वर्षे गेली. १९३२ मध्ये इंग्लंडातील टेलर-हॉब्सन कंपनीने चित्रपटांसाठी ४० ते १२० मि.मी.चे ‘कूक व्हॅरो’ काढले. ३५ मि.मी.च्या स्थिर कॅमेऱ्यासाठी पहिले झूम बाजारात आले ते १९५९ साली: व्हिएन्नात जन्मलेल्या व पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रँक बॅक यांच्या कल्पनेतून उतरलेले, फोइग्टलेंडर कंपनीने विकलेले ३६ ते ८२ मि.मी.चे ‘झूमार’. त्याच वर्षी जपानच्या निकॉनने ८५ ते २५० मि.मी.चे टेलिफोटो झूम आणले, आणि दोन्ही घराण्यांची सोयरीक झाली. पुढची तीन दशके ही तडजोडीची होती. झूम म्हणजे सोय, पण स्पष्टतेच्या बाबतीत दुय्यम, हा त्या काळचा सर्वमान्य निवाडा होता आणि तो निराधारही नव्हता. संगणकावर हजारो किरणांचा मार्ग थोड्या वेळात काढता येऊ लागला, प्रकाशाचे अपस्करण कमी करणारी काच कारखान्यांतून निघू लागली, कॅननने १९६९ मध्ये कृत्रिम रीतीने वाढवलेल्या फ्लुओराइटचा स्फटिक ३०० मि.मी.च्या भिंगात घातला, आणि लांब भिंगांच्या चित्रांत कडांवर उमटणारी जांभळी-हिरवी किनार आटोक्यात आली. त्याच कंपनीने १९८९ मध्ये एफ/२.८चे ८०-२०० आणि १९९५ मध्ये ७०-२०० काढले, तोवर वृत्तपत्रांचे छायाचित्रकार या टापूतील एकेका नाभीय अंतराची सुटी भिंगे घरी ठेवू लागले होते.

एफ/२.८ या आकड्यातच या भिंगाचा मोठेपणा आणि त्याचा भार दोन्ही सामावलेले आहेत. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. त्या हिशेबाने २०० मि.मी.वर एफ/२.८ राखायचे, तर सुमारे ७१ मि.मी. व्यासाचे प्रवेशद्वार प्रकाशाला खुले असले पाहिजे, म्हणून पुढील काच तळहाताएवढी होते. एफ/४वर तोच व्यास ५० मि.मी. पुरतो आणि भिंगाचे वजन बरेच उतरते. स्वस्त झूम भिंगांत नाभीय अंतर वाढवत नेले की छिद्र आपोआप अरुंद होत जाते, आणि छायाचित्रकाराने हाताने लावलेला प्रकाशाचा सगळा जमाखर्च ऐन वेळी चुकतो. सेव्हंटी-टू-हंड्रेडच्या चांगल्या नमुन्यांत तो आकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत अढळ राहतो. ही किमया वरकरणी क्षुल्लक वाटते. पण रात्रीच्या खेळाचे चित्रण ज्यांना करावे लागते, त्यांना विचारावे.

मुंबईच्या गिरणगावात दिव्यांच्या उजेडात रंगणारा कबड्डीचा सामना घ्या. मैदान १३ मीटर लांब व १० मीटर रुंद, चढाई ३० सेकंदांची. छायाचित्रकाराला अंतिम रेषेच्या मागे, साधारण ३ मीटरवर, पंच व कार्यकर्ते यांच्या मर्जीने मिळालेली बसकण. तेथून तसूभर हलण्याची मुभा नाही, आणि हलला तर मागचे प्रेक्षक त्याला खाली बसवतात. चढाईपटू मध्यरेषा ओलांडतो तेव्हा तो साडेनऊ मीटरवर असतो, २०० मि.मी.वर तेथे चौकटीची उंची सव्वा मीटरहून थोडी कमी येते, म्हणजे श्वास कोंडून ‘कबड्डी, कबड्डी’ घोकणारा चेहरा, पुढे ताणलेली बोटे आणि बनियनवरचा क्रमांक एवढेच तिच्यात राहते. पुढच्या तीनचार सेकंदांत तो निदानरेषेपाशी येतो, अंतर पावणेसहा मीटरवर येऊन ठेपते, कोपऱ्यातला खेळाडू त्याच्या घोट्यावर झेप घालतो आणि साखळीतले दोघे कमरेला भिडतात. आता चेहऱ्याला एकट्याला काही अर्थ नाही. चढाई करणारा आणि त्याला धरणारे असे तिघे-चौघे एका चौकटीत हवेत, आणि ७० मि.मी.वर त्या अंतरावर ती दोन मीटर उंच व तीन मीटर रुंद मिळते. या दोन क्षणांमध्ये छायाचित्रकाराच्या डाव्या हाताच्या अंगठ्याने व तर्जनीने झूमचे कडे पाव वर्तुळाएवढे फिरवलेले असते. डोळा कॅमेऱ्यातून निघालेला नसतो, बसकण सुटलेली नसते, आणि हे कडे कोणत्या बाजूला फिरवायचे याचा विचारही त्याने केलेला नसतो, कारण ती सवय हाताने केव्हाच आपल्या दप्तरी नोंदवलेली असते. कॅमेऱ्याच्या पडद्याला सेकंदाच्या हजाराव्या भागाचा वेग दिल्याशिवाय झेप गोठत नाही, आणि मैदानावरचे दिवे जेमतेम असले तर त्या वेगाला एफ/२.८वर कॅमेऱ्याची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, ६४०० लागतो. छिद्र एफ/५.६ असते तर प्रकाश एक-चतुर्थांश आणि आयएसओ २५६०० झाला असता; म्हणजे चित्र मिळाले असते, पण वाळू पसरल्यासारखे.

लग्नमंडपातील निकड वेगाची नसून अदबीची असते. मंगलाष्टके संपून अंतरपाट दूर होतो त्या वेळी वधूवरांभोवती मामा, करवल्या, गुरुजी यांचा गराडा असतो, आणि हल्ली त्यात चलचित्रणवाल्यांची भर पडून पाहुण्यांच्या वाट्याला केवळ पाठी येतात. जाणता छायाचित्रकार त्या गराड्यात न शिरता दहा मीटर मागे, खुर्च्यांच्या ओळींच्या कडेला उभा राहतो. ७० वर त्याला सारा चौरंग, अक्षतांचा मारा व दोन्ही कुटुंबे मिळतात. २०० वर दोन चेहरे. पडदा दूर होण्याच्या क्षणी वधूच्या नजरेत जो संकोच किंवा हसू असेल, ते तिच्या तोंडापुढे हातभर अंतरावर काच नसल्यामुळेच तेथे असते. छायाचित्रकार जवळ आला की माणसे छायाचित्रासाठी उभी राहू लागतात, हा अनुभव ज्यांनी घरच्या कार्यात घेतला असेल त्यांना अधिक सांगावयास नको.

प्रत्येक अंतर या भिंगाच्या टप्प्यात येते असे मात्र नाही. क्रिकेटच्या मैदानावर सीमारेषेबाहेर नेमून दिलेल्या जागेवरून फलंदाज सुमारे ७० मीटरवर असतो, २०० मि.मी.वर तेथे चौकटीची उंची साडेआठ मीटरांच्या घरात जाते आणि फलंदाज तिचा जेमतेम पाचवा हिस्सा व्यापतो. म्हणून तेथे ४०० किंवा ६०० मि.मी.ची अवजड भिंगे एका पायाच्या आधारावर उभी असतात, आणि सेव्हंटी-टू-हंड्रेड दुसऱ्या कॅमेऱ्याला लावून मांडीशी तयार ठेवलेले असते, ते सीमारेषेवरच्या झेलासाठी आणि विजयानंतरच्या धावाधावीसाठी. ताडोब्यासारख्या जंगलात गाडीतून खाली उतरण्यास सक्त मनाई, वाघ कधी दीडशे मीटरवर तर कधी गाडीच्या बॉनेटपुढे, आणि वाटेवरची लाल-करडी धूळ अशी की भिंग बदलण्यासाठी कॅमेऱ्याचे तोंड उघडणे म्हणजे संकटाला आमंत्रण. तेथे १००-४०० किंवा १५०-६०० या मोठ्या भावंडांची सरशी होते. १.४ किंवा २ पटीचा परिवर्धक मध्ये बसवून २०० चे २८० किंवा ४०० करता येतात. पण पहिला अर्धा प्रकाश घेतो व दुसरा तीन-चतुर्थांश, आणि स्पष्टतेतही कसर पडते. शिवाय उन्हाळ्यातील दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवाच लहरू लागते. तेव्हा कितीही उंची भिंग लावले तरी दूरचे जनावर पाण्याखाली असल्यासारखे दिसते, आणि त्यावर सकाळ होण्याची वाट पाहण्यावाचून इलाज नाही.

लांब भिंग हाताचा कंपही मोठा करून दाखवते. नाभीय अंतराचा आकडा घ्यावा आणि पडद्याचा वेग सेकंदाच्या तितक्याव्या भागाहून कमी ठेवू नये, हा जुना शिरस्ता. २०० ला सेकंदाचा दोनशेवा भाग. १९९५ साली कॅननच्या ७५-३०० भिंगात, बदलता येणाऱ्या भिंगांपैकी प्रथमच, कंप ओळखणारे संवेदक आणि त्यांच्या हुकमानुसार उलट दिशेने सरकणारा काचेचा गट बसवण्यात आला. चांगल्या स्थिरीकरणाने चार टप्प्यांची, म्हणजे चार वेळा निम्म्याची, सवलत धरली, तर तोच वेग सेकंदाच्या सुमारे बाराव्या भागापर्यंत उतरवता येतो. जेजुरीच्या गाभाऱ्याबाहेरील मंद उजेडात उभ्या असलेल्या पुजाऱ्यासाठी ही सवलत अनमोल आहे. उडी मारणाऱ्या कबड्डीपटूसाठी तिचा काडीचा उपयोग नाही, कारण यंत्र छायाचित्रकाराचा हात स्थिर करते, समोरच्याचा पाय नव्हे. जाहिरातींत हा भेद मोठ्या खुबीने झाकलेला असतो.

झूम भिंगावर आळशीपणाचा आळ घेणारा एक पक्ष आहे. त्याचे म्हणणे असे, की झूम पायांनी करावे. या पक्षाच्या बोलण्यात तथ्य आहे, पण ते म्हणतात त्या कारणाने नव्हे. वर जेजुरीच्या उदाहरणात पाहिले त्याप्रमाणे पायांनी होते ते झूम नसून दृष्टिकोनाचा बदल असतो, आणि एकाचे काम दुसऱ्याकडून करून घेता येत नाही. झूम वापरणाऱ्याची खरी चूक ही, की तो सापडेल तेथे उभा राहतो आणि मग कडे फिरवून चौकट जुळवतो. व्हावयास हवे ते उलट. आधी दीपमाळ केवढी दिसावी हे ठरवून जागा पक्की करावी, आणि मग भिंगाला विचारावे. पुष्कळांच्या चित्रांची तपासणी केली तर ती एक तर ७० वर नाही तर २०० वर घेतलेली आढळतात आणि मधले सारे अंतर पडीक राहते, याचेही कारण हेच. एकाच नाभीय अंतराची १३५ मि.मी. एफ/२सारखी भिंगे याहून हलकी व प्रकाशाला दुपटीने उदार असतात, आणि जेथे जागा आपल्या ताब्यात आहे अशा स्टुडिओत ती अधिक किफायतशीर ठरतात, हे मान्य केलेच पाहिजे. पण गडावर, मंडपात, मैदानात जागा दुसऱ्याच्या ताब्यात असते.

आता खरेदीविषयी दोन शब्द. दिवसाच्या उजेडात यात्रा, डोंगर, माणसे टिपणाऱ्यास एफ/४चे भिंग पुष्कळ आहे आणि दिवस मावळताना त्याच्या खांद्याला हा निर्णय पटतो. रात्रीचे खेळ, रंगमंच आणि लग्ने यांवर ज्याचे पोट आहे त्याला एफ/२.८वाचून गत्यंतर नाही, आणि कामे तुरळक असतील तर ते दिवसाच्या भाड्यानेही मिळते. झूम करताना ज्याची नळी बाहेर येते असे भिंग जेजुरीला सोमवतीच्या भंडाऱ्यात नेऊ नये. आत शिरणाऱ्या हवेबरोबर हळदीचा धुरळाही शिरतो. जुने भिंग घेताना ते २०० वर लावून भिंतीवरच्या वर्तमानपत्राचे चित्र घ्यावे, मग १३५, १०० आणि ७० वर, आणि चारही चित्रांत कोपऱ्यांतली अक्षरे वाचून पाहावीत. एकाच बाजूचा कोपरा पुसट असेल तर आतील एखादा गट तिरका झाला आहे असे समजावे. कडे फिरवताना मध्येच खरखर लागते का ते बोटांनी अजमावावे. मग अंधाऱ्या खोलीत भिंगाच्या मागून विजेरीचा झोत टाकून पुढून, तिरकस, आत पाहावे: वीसेक काचांच्या या दाटीत धुळीचे चारदोन कण निघाले तर हरकत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. कोकणातील किंवा मुंबईतील एखादा पावसाळा कपाटात, सिलिका जेलशिवाय काढलेल्या भिंगात ती हमखास सापडते. काच उघडून ती पुसता येते. मात्र काचेवरचा लेप तिने खाल्ला असेल तर तो परत येत नाही, आणि असा सौदा कितीही स्वस्तात पडत असला तरी तेथेच मोडावा.